ग्रीस, जुलैअखेर 9 दिवस: बेटांचा क्रम तपासून हवा आहे

प्रश्न
अथेन्स 2 रात्री, मग मिकोनोस, क्रीट, शेवटी सँतोरिनी. परतीच्या दिवशी सँतोरिनीहून सकाळची कॅटामरान (जलद प्रवासी बोट), दुपारी पिरेअस (अथेन्सचं बंदर), रात्री अथेन्सहून विमान. सोबत आई आहे. तिचे गुडघे दुखतात, शिवाय शाकाहारी. जमेल का? अक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरचे प्राचीन अवशेष, झेपेल?

दर्यावर्दी
परतीचा दिवस आधी बदला. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तोही आकाश निरभ्र असताना. लख्ख ऊन आहे म्हणजे बोट सुटणारच, असं धरू नका. वारा चढला की आधी हलक्या कॅटामरान अडकतात. गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी त्यामानाने दम धरतात. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. चुकलेल्या विमानाचं मात्र तुम्हीच बघायचं.

म्हणून बेटं आधी, अथेन्स शेवटी. विमानतळावरून पिरेअसला मेट्रोची 3 नंबरची लाइन थेट जाते, तासभर लागतो. पहाटे मेट्रो नसते; एक्स 96 बस रात्रभर असते.

क्रीट या खेपेला सोडाच. सुमारे 260 किलोमीटर लांब बेट आहे ते, दीड दिवसात क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि हेराक्लिओनचं संग्रहालय यापलीकडे हाताला काही लागत नाही. मिकोनोसला जाण्याचं माझ्या मते एकच सबळ कारण, तिथून बोटीने डेलोस हे प्राचीन अवशेषांचं बेट. पण डेलोसवर सावली जवळपास नाहीच आणि मुक्कामाला परवानगी नाही, आईसाठी नको. त्याऐवजी नाक्सोस घ्या. पिरेअसहून मोठ्या फेरीबोटीने साधारण साडेपाच तास, पुढे सँतोरिनी दोन तासांवर.

पायरी_पायरीने
अक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ऑनलाइन काढा. सकाळी 8 चा स्लॉट घ्या, कारण उष्णतेची लाट आली की भर दुपारी काही तास फाटक बंद करतात. खडकावरचा संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. पकड असलेले बूट हवेतच. वायव्य बाजूला लिफ्ट आहे, पण ती चालायला खरोखर त्रास होणाऱ्यांसाठीच. वरच्या पार्थेनॉन मंदिराचे दगडी नक्षीपट्ट जवळून बघायचे तर खालचं संग्रहालय बरं. आत गारवा आहे, तिकीट वेगळं.

सँतोरिनीवर अक्रोतिरी चुकवू नका. इ.स.पू. सुमारे 1600 च्या उद्रेकात राखेखाली गाडलेलं शहर. सगळ्यावर छप्पर आहे, त्यामुळे उन्हाचा त्रास नाही.

प्रश्नकर्ता
नाक्सोस पक्कं. बोटीत सामानाचं काय? आणि आईचं जेवण?

दर्यावर्दी
बॅगा खाली, गाड्यांच्या मजल्यावरच्या रॅकवर. रॅकवर बेटांची नावं असतात; आपल्याच बेटाच्या रॅकवर ठेवा. मधल्या बेटांवर बोट जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की लगेच आईला घेऊन खाली या, गर्दी झाल्यावर जिना उतरणं कठीण जातं.

पायरी_पायरीने
जेवणात फावा (पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल), गिगांतेस म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे, ब्रियाम ही भाजलेली मिश्र भाजी. ‘निस्तीसिमो’ म्हणजे तिथल्या चर्चच्या उपासाचं, पण त्यात कोळंबी आणि माकूल चालतं. तेव्हा नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका, मासे-कोळंबीही नको असं वेगळं सांगा.