नियमसंचाचं नाव 'पानिपत १७६१' नको

बारगीर
काल 'नियमवाला' यांनी इथेच जाहीर केलं की त्यांचा मराठ्यांच्या अठराव्या शतकातल्या लढायांचा नियमसंच (टेबलावर छोट्या सैनिकांच्या फिगर मांडून खेळायच्या युद्धखेळाचा) छपाईला निघालाय आणि नाव पक्कं झालंय: 'पानिपत १७६१'. कारण दिलं की 'या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही, पेटी आपोआप हातात घेतली जाते.' खाली वाहवा सोडून एक अक्षर नाही. मी या संचाच्या चाचण्यांना बसलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

संचात पालखेड १७२८ आहे, भोपाळ १७३७, उदगीर १७६०, राक्षसभुवन १७६३, वडगाव १७७९, खर्डा १७९५, असई १८०३. पाऊण शतकाच्या खेळाला एका दिवसाचं नाव कशासाठी? आणि दिवसही कुठला, तर ज्याचा मराठीत अर्थच 'सगळं बुडालं' असा होऊन बसलाय.

पण माझा खरा राग याच्यावर नाही. या संचात नवं काय आहे? दाणावैरणीची पट्टी, म्हणजे सैन्याची रसद किती उरली ते दाखवणारी. प्रत्येक मजलीला (पाळीला) खुंटी एक घर मागे, तोफा सोबत असतील तर दोन. चाचणीत पालखेडचा डाव मांडला होता. निजाम पुणं सोडून औरंगाबाद वाचवायला निघाला, उशीर होतोय म्हणून जड तोफा मागे टाकल्या, आणि पालखेडला पोचला तेव्हा पाण्याच्या प्रत्येक जागेवर माझी पथकं उभी. टेबलावर त्याची एकही फिगर आडवी झालेली नव्हती. खुंटी शून्यावर आली, त्याने फासे खाली ठेवले आणि तह मागितला. बाजीरावाने फेब्रुवारी १७२८ मध्ये हेच केलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. लढाई न लढता जिंकू देणारे नियम आपल्याकडे पहिल्यांदा कुणीतरी लिहिलेत, आणि वर नाव काय, तर समोरासमोर भिडून संपलेल्या लढाईचं! ते वाचून बसलेला नवा खेळाडू पहिल्याच चालीला भिडणार, हरणार, आणि पट्टीकडे बघणारही नाही.

माझं सुचवणं: 'मुलूखगिरी', परमुलखावरची वसुलीची स्वारी. मोहिमेचं नाव द्या, लढाईचं नको.

नियमवाला
बारगीर, तुम्ही चाचण्यांना आलात, तुमच्यामुळे पट्टी सुधारली, हे मी प्रस्तावनेत लिहिलंय. पण छपाईचे पैसे माझ्या खिशातून जाणार आहेत. प्रदर्शनात टेबल मांडलं की लोक पानिपतच्या नकाशापाशी थांबतात, पालखेडच्या नकाशावरून नजर पुढे जाते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि पानिपत म्हणजे फक्त भिडणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतलं तेव्हा तिथलं धान्य मिळालं. त्याच महिन्यात अब्दाली बागपतला यमुना ओलांडून आला आणि सदाशिवरावभाऊंचा दिल्लीचा रस्ता बंद झाला. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले पडले, रसद आटली. १४ जानेवारीला सैन्य उपाशीपोटी बाहेर पडलं. दाणावैरणीची पट्टी जिथे सगळ्यात जास्त बोलते ती लढाई पानिपतच आहे. पट्टी मी लिहिलीच पानिपत वाचून, पालखेड वाचून नाही.

वैजापूरकर
बारगीर यांना पूर्ण पाठिंबा. पालखेड आमच्या तालुक्यात. इथल्या शाळकरी पोराला विचारा, पानिपतची तारीख पाठ असते, पालखेड म्हटलं की 'कोणतं पालखेड, निफाडचं का?' आपण हरलेल्या लढाया जपतो आणि जिंकलेल्या विसरतो. नियमवाल्यांचे गिऱ्हाईक पालखेडच्या नकाशावरून पुढे जातात याचं कारण हेच, की पेटीवर कुणी ते नाव कधी छापलंच नाही. कुणीतरी पहिल्यांदा छापायला नको का?

लीड्सवाला
इथल्या क्लबात खेळतो म्हणून सांगतो. मराठी नाव ठेवलंत तर इथे कुणी हातात घेणार नाही. असई ठेवा. तिथे जिंकलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीमुळे असई सगळ्यांना माहीत आहे. मांडायचं ठरलं की समोरच्याला वेलस्लीच व्हायचं असतं, मराठे कायम माझ्याकडे. पण शिंद्यांचे गोलंदाज तोफांशेजारी मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा मागून डागल्या, हे मी टेबलावर करून दाखवतो तेव्हा सगळे खुर्च्या सोडून जवळ येतात. नियमवाल्यांनी त्यासाठी वेगळा नियम दिलाय त्याबद्दल धन्यवाद.

जाता जाता, फिगरांचं कुणीतरी बघा हो. 'मराठा पायदळ' म्हणून पाकीट मागवलं, आत निघाले मुघली जामे आणि अटकदार पगड्या. पगडी कापून पुट्टीने पुन्हा घडवताना माझे शनिवार गेले. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना पत्र लिहिलं तर उत्तर आलं, 'फरक कुणाला कळतो?' कळतो! आम्हाला कळतो!

बारगीर
लीड्सवाले, 'लासाल' हा नियमसंच २००९ मध्ये निघाला, फ्रेंच घोडदळाच्या सेनापतीच्या नावाने. 'मॉरिस' २०१२ मध्ये, मार्शल साक्सच्या नावाने. 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' १९९० पासून खेळतात, ते लॅटिन नाव धड कुणाला उच्चारता येत नाही, सगळे डीबीए म्हणतात आणि खेळतात. तुमच्या क्लबातल्यांना लॅटिन चालतं, फ्रेंच चालतं, मग मराठीच तेवढी का अडते? नियम चांगले असले की नाव आपोआप तोंडात बसतं.

पगड्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

उदगीरची तोफ
बारगीर, तुमच्या लेखात एक जुनं विष आहे आणि मी ते सोडणार नाही. 'समोरासमोर भिडून संपलेली लढाई' म्हणजे काय? म्हणजे तेच ना, की भाऊंनी गनिमी कावा सोडला, इब्राहिमखान गारद्याच्या (कवायती बंदुकवाल्यांच्या सरदाराच्या) नादी लागून गोल बांधला, म्हणजे तोफा-बंदुकांच्या आधाराने एकत्र फळी धरून लढले, आणि बुडाले? शाळेपासून ऐकतोय हे. कान किटले.

उदगीर, ३ फेब्रुवारी १७६०. तेच भाऊ, तोच इब्राहिमखान, तेच गारदी. निजामाकडून साठ लाखांचा मुलूख घेतला. पानिपत त्यानंतर वर्षही उलटायच्या आत. गोलाची लढाई वर्षाच्या आत वाईट कशी झाली? १४ जानेवारीला सकाळी गारद्यांनी अब्दालीकडच्या रोहिल्यांची फळी फोडली होती. विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ गारद्यांच्या बंदुकांपुढे धावलं, गारद्यांना गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि तिथे सगळं फिसकटलं. इब्राहिमखान शेवटपर्यंत भाऊंशी इमानाने राहिला, पकडला गेला, मारला गेला. त्याच्यावर खापर फोडणं बंद करा.

आणि नियमवाले, आपल्याच घोडदळाने गारद्यांपुढून जायचं ठरवलं तर गारद्यांची पाळी जाते हा नियम तुम्ही पर्यायी ठेवलाय. तो सक्तीचा करा. नाव काय वाटेल ते ठेवा.

नीराकाठ
गोल बांधायचा तर गोलात राहायला शिकवलेलं सैन्य लागतं. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, ते मेलं की त्याची रोजीरोटी गेली. तो उभा राहून गोळ्या खाणार नाही, संधी दिसली की धावणार. हे मल्हारराव होळकरांना माहीत होतं. कुटुंबकबिला, यात्रेकरू, जड तोफा मागे ठेवा आणि हलके होऊन लढा, हे जाटांचा राजा सूरजमल सांगत होता, मल्हाररावही त्याच मताचे. ऐकलं कुणी?

उदगीरची तोफ
मल्हाररावांनी सांगितलं आणि दुपारी मैदान सोडलं.

नीराकाठ
शब्द जपून वापरा. विश्वासराव पडले होते, मध्य फुटला होता. त्या घटकेला उजव्या बाजूला उभं राहून आणखी काही हजार माणसं कापून घ्यायची होती का? पुढे उत्तरेत पुन्हा मराठ्यांचं नाव उभं करायला माणूस लागतो. महादजीही जखमी होऊन निघालेच ना? त्यांना कुणी बोलत नाही. होळकरांचं नाव आलं की मात्र सगळ्यांना धैर्य आठवतं. आमच्या घरात आजोबा या एका वाक्यावरून ताटावरून उठून गेलेले मी पाहिलेत.

उदगीरची तोफ
आजोबांचा मान ठेवतो. पण महादजी लढता लढता पायाने जायबंदी होऊन निघाले आणि मल्हारराव पथकासकट निघाले, या दोन गोष्टी एका तागडीत तोलू नका. आणि सैन्य गोलाला तयार नव्हतं हे तुमचं म्हणणं मान्य केलं तरी त्यात दोष गारद्यांचा कसा होतो? दोष धावणाऱ्यांचा.

नीराकाठ
गारद्यांचा दोष मी कुठे म्हटलं? शोधून दाखवा. भाऊंचा दोष म्हटलाय.

नियमवाला
दोघंही जरा थांबा. धागा नावाचा आहे. (आणि तो पर्यायी नियम सक्तीचा केला तर नवशिके पहिल्या तासात पळून जातील.)

सॉल्टलेकवासी
नावावरच बोलते. बारगीर, 'मुलूखगिरी' ठेवू नका. मी नागपूरची, लग्न होऊन कोलकात्यात आले. माझ्या लेकीला तिची आजी झोपवायची तेव्हा जे गाणं म्हणायची त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपणच, आमच्या नागपूरकर भोसल्यांचे बारगीर. १७४२ पासून १७५१ पर्यंत दर साल येत राहिले, बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने १७४४ मध्ये भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकरांना भेटीला बोलावून मारलं तरी थांबले नाहीत, शेवटी ओरिसा आणि बारा लाखांची चौथाई घेऊन थांबले. गाण्यात आजी म्हणते की पीक पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून द्यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सासूबाईंना काय बोलणार?

तुमच्या पट्टीवर खुंटी पुढे सरकते तेव्हा ते धान्य कुणाच्या तरी कोठारातून निघालेलं असतं. नियमांत ते असू द्या, लपवूही नका. पण पेटीवर अभिमानाने छापण्याचा शब्द तो नव्हे. तुमचं स्वतःचं इथलं नावही 'बारगीर'च आहे, म्हणून जास्त लागलं.

वैजापूरकर
ताई, त्या काळात कुठलं सैन्य शेतकऱ्याला न लुटता चाललं? अब्दाली? निजाम? इंग्रज?

सॉल्टलेकवासी
कुणीच नाही. म्हणून काय ते शीर्षक होतं?

बारगीर
ताई, माझ्या डोळ्यांपुढे पालखेडची दौड होती, बंगाल नव्हता. दौड आणि लूट वेगळी काढता येते असं मला अजूनही वाटतं. पालखेडला जिंकवलं ते वेगाने. पण ज्या नावाला बंगालात आईच्या तोंडचं उत्तर आधीपासून तयार आहे ते पेटीवर नको, हे कबूल. 'मुलूखगिरी' मागे. 'पानिपत'वरचा आक्षेप मात्र जागच्या जागी. नियमवाल्यांचं रसदीचं म्हणणं खरं धरलं तरी पानिपत हा पट्टी रिकामी झाल्याचा दाखला आहे. खेळाडूला ती भरलेली ठेवायची आहे.

वैजापूरकर
तुमच्या नियमांत एका पाळीला 'मजल' म्हणतात ना? मग 'मजल दरमजल' ठेवा की. पालखेडला चालेल, पानिपतला चालेल, असईला वेलस्लीही मजल मारूनच आला होता.

लीड्सवाला
खाली इंग्रजीत एक ओळ द्या, मराठ्यांच्या लढाया, सन अमुक ते अमुक. मग माझी तक्रार नाही. माझ्या क्लबात त्याचं 'एमडी' होईल, होऊ दे.

उदगीरची तोफ
सरदार पळाला तर त्याच्या मागच्या पथकांचं काय होतं, तो तक्ता बघितला का कुणी? त्यात होळकरांना जास्त गुण दिलेत. पुरावा काय?

नीराकाठ
पुरावा राक्षसभुवन. १७६३. मल्हारराव माधवरावांच्या बाजूने होते. पळणारा माणूस दोन वर्षांत पुन्हा निजामापुढे उभा राहतो का?

नियमवाला
रात्री छापखान्याला फोन केला. मुखपृष्ठ अजून यंत्रावर चढलेलं नाही. 'मजल दरमजल' मला मनापासून आवडलेलं नाही, लांब आहे आणि पेटीच्या कडेवर बसवायला अक्षर बारीक करावं लागतंय. तरी ठेवतो, कारण सात लढायांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. चित्र मात्र पानिपतचंच राहील, ते काढून झालंय आणि चित्रकाराचे पैसे दिलेत. खाली '१७२८ ते १८०३'. दाणावैरणीच्या प्रकरणात धान्य कुठून येतं यावर एक परिच्छेद घालतोय, ताईंनी छपाईआधी वाचून द्यावा. गारद्यांचा नियम पर्यायीच राहील.

बारगीर
चित्रात निदान गारद्यांचे जामे तरी नीट काढून घ्या.

उदगीरची तोफ
पर्यायी ठेवलात तर पहिल्या पुरवणीपर्यंत मी दर आठवड्याला लिहीन. आणि नीराकाठ, राक्षसभुवनला आधी रघुनाथराव वेढले गेले होते, विजय माधवरावांनी परत फिरून खेचून आणला. तो गुण मल्हाररावांच्या खात्यात टाकायचा असेल तर नवा धागा काढा, तिथे येतो.