सोसायटीत कोआटी शिरलाय का?

बोरिवली_पूर्व: आमच्या बिल्डिंगमागेच नॅशनल पार्कची भिंत आहे. रात्री सगळं सामसूम झालं की एक लांब शेपटीचा प्राणी केबलच्या वायरीवरून ऐटीत चालत जांभळावर जातो आणि सकाळी गाड्यांच्या टपावर बियांनी भरलेली घाण. आता कुणीतरी ग्रुपवर ब्राझीलचा व्हिडिओ टाकलाय, कोआटी टुरिस्टच्या हातातून वेफर्सचं पाकीट ओढून पळतोय, आणि सेक्रेटरी म्हणतात हाच तो, पिंजरा लावू. कोआटी मुंबईत असतात का हो?

रानभूल: छे, कोआटी इथला नव्हेच. तो रकूनच्या कुळातला, ॲरिझोनापासून खाली अर्जेंटिनापर्यंत. तुमच्याकडे येतंय ते उदमांजर, आमच्या गावी कांडेचोर म्हणतात. वेळेवरूनच कळतं बघा, कोआटी दिवसा हिंडतो आणि रात्री झाडावर झोपतो, तेही माद्या-पिल्लांची टोळी, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपट्या वर करून, लांबडं नाक पाचोळ्यात खुपसून किडे हुडकत (मोठे नर मात्र एकटे फिरतात). झाडावरून उतरताना डोकं खाली, कारण मागचे घोटे उलटे वळतात. कांडेचोर एकटा, रात्रीचा, आणि फळांवर जीव. टपावरच्या बिया जांभळाच्या नाहीतर भेरली माडाच्या असणार.

फिरस्ती_दादर: ब्राझील-अर्जेंटिनाच्या सीमेवरचा इग्वासूचा धबधबा बघायला गेलो होतो तेव्हा या कोआटींचा प्रताप पाहिलाय. कँटीनच्या टेबलांखाली टोळीच फिरते, पिशवीची चेन उघडी दिसली की संपलं, आणि चावून फाटलेल्या हाताचे फोटो लावलेल्या पाट्या आहेत तिथे. कान्हेरीची माकडं परवडली! पनामा सिटीत तर शहराच्या आतल्या पार्कातच राहतात. पण टुरिस्टच खायला घालतात आणि मग प्राण्यांच्या नावाने ओरडतात, हे मला पटत नाही.

रानभूल: +१. आणि बोरिवलीकर, पिंजऱ्याचं डोक्यातून काढा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली उदमांजर संरक्षित आहे, परस्पर पकडणं म्हणजे गुन्हा. जखमी दिसलं किंवा कुठे अडकलं तर वनखात्याला १९२६ वर फोन. एरवी ओला कचरा झाकून ठेवा, गाडीला कव्हर घाला, बास.

बोरिवली_पूर्व: सेक्रेटरींना दाखवलं, जरा नरमलेत. पण टॉप फ्लोरच्या काकू म्हणतात पत्र्याखाली रात्रभर खुडबुड चालते. भोक बुजवून टाकू का?

रानभूल: लगेच नको. आत पिल्लं असली तर कोंडून मरतील आणि आई पत्रा उचकटायला बघेल. आधी पिल्लं आहेत का ते वनखात्याच्या माणसाकडून बघून घ्या, असली तर मोठी होऊन निघून जाईपर्यंत काकूंना कळ काढायला सांगा. मग जाड जाळी मारा, आणि पत्र्यावर टेकलेली फांदी पालिकेची परवानगी काढून छाटून घ्या, वर चढायची वाट तीच असणार.