टॅमसुलोसिनची गोळी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

गोदाकाठ (प्रश्न)
माझे वडील ७२ वर्षांचे असून प्रोस्टेटच्या त्रासासाठी ते बरीच वर्षे रोज रात्री जेवणानंतर टॅमसुलोसिनची गोळी घेतात. मोतीबिंदूच्या तपासणीच्या वेळी नेत्रतज्ज्ञांनी औषधांची यादी चाळली आणि नेमक्या याच गोळीखाली लाल शाईने रेघ ओढली. शेजारच्या काकांच्या मते आठवडाभर आधी गोळी बंद केली की झाले. लघवीच्या औषधाचा डोळ्याशी असलेला संबंध कोणत्या संशोधनातून पुढे आला, आणि गोळी थांबवल्याने खरोखर फरक पडतो का?

नेत्रशल्यक
काकांचा सल्ला कृपया मानू नका. ही गोळी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेल्या स्नायूंतील अल्फा-१ए ग्राहींना (पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या जागांना) अडवते, त्यामुळे ते स्नायू सैल पडून लघवीची धार सुधारते. पण बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही प्रामुख्याने हेच ग्राही असतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये वर्णन केल्यानुसार, अशा रुग्णांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या द्रवप्रवाहात हेलकावू लागतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली हळूहळू आकसत जाते. आम्ही काम करतो ते याच खिडकीतून, त्यामुळे ती आकसली की भिंगामागचे नाजूक आवरण फाटण्याची भीती वाढते.

गोळी कित्येक महिने आधी सोडलेल्या रुग्णांतही हा प्रकार दिसलेला आहे. उलट गोळी थांबवून वर बाहुली मोठी करण्यासाठी ॲट्रोपिनचे थेंब घातले, तर वयस्कर पुरुषाची लघवी पूर्ण तुंबू शकते. शल्यचिकित्सकाला आधी कल्पना असेल, तर डोळ्याच्या आत बाहुली मोठी करणारे फेनिलएफ्रिन सोडणे किंवा बाहुली ताणून धरणारे हुक अथवा रिंग वापरणे, असे उपाय हाताशी असतात. चँग यांच्या २००७ च्या बहुकेंद्री अभ्यासात, अशी तयारी ठेवून केलेल्या १६७ डोळ्यांपैकी केवळ ०.६ टक्क्यांत आवरण फाटले.

आकडेमोड
वरील १६७ डोळ्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे. तुलना हवी असेल तर कॅनडातील ओंटारियो प्रांताचा २००९ चा अभ्यास पाहावा. त्यात ६६ वर्षे व त्यावरील पुरुषांच्या ९६,१२८ मोतीबिंदू शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. गंभीर गुंतागुंत एकूण ०.३ टक्क्यांतच झाली, पण शस्त्रक्रियेआधीच्या १४ दिवसांत टॅमसुलोसिन सुरू असलेल्यांत तिची शक्यता सुमारे २.३ पट आढळली. म्हणजे साधारण २५५ रुग्णांमागे एक जादा गुंतागुंत. इतर अल्फा-ब्लॉकर, म्हणजे याच गटातील ग्राही अडवणारी औषधे, घेणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही, म्हणून दोष वयाचा किंवा प्रोस्टेटच्या आजाराचा नसून याच औषधाचा असावा, या तर्काला बळ मिळते.

मात्र याच अभ्यासात पूर्वी गोळी घेऊन नंतर सोडलेल्यांतही ठळक वाढ आढळली नव्हती, आणि काकांसारखे लोक त्यावरच बोट ठेवतील. हा नोंदींचा अभ्यास आहे. गोळी सोडण्याचा निर्णय चिठ्ठी टाकून झालेला नव्हता, आणि रंगीत पडदा सैल पडला पण निभावून नेले, अशा शस्त्रक्रिया त्यात मोजल्याच जात नाहीत. तेव्हा गोळी बंद केल्याने धोका टळतो, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

मुतखडेवाली
स्त्रियांनाही हे विचारले जावे, असे मला वाटते. मुतखडा उतरावा म्हणून मला हीच गोळी दिली होती, आणि नंतर डोळ्यांच्या तपासणीत 'प्रोस्टेटचे औषध' हा रकाना माझ्यापुरता कोराच राहिला. ब्रिटनमधील २०१५ च्या मोठ्या चाचणीत, पुढील उपचारांची गरज टाळण्यात ही गोळी आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी यांत फरक आढळला नव्हता, हे आणखी वेगळेच.

नेत्रशल्यक
सूचना योग्य आहे. मी रुग्णांना रोगाचे नाव न विचारता "लघवीसाठी कधी काही गोळी घेतली होती का?" असेच विचारतो, आणि जुनी पाकिटे सोबत आणायला सांगतो, कारण ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटच्याच दुसऱ्या औषधासोबतच्या एकत्रित गोळीत टॅमसुलोसिन असते हे पुष्कळांना ठाऊक नसते.