पॅराट्रूपर पूल धरायला असतात, राजधानी जिंकायला नव्हे

खानापूरचा_कमांडर:
हार्ट्स ऑफ आयर्न ४ हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम खेळणारी आपल्या बेळगावातली पोरं पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीनं उतरणारे सैनिक, हातात आले की थेट शत्रूच्या राजधानीवर टाकतात. झेंडा लागतो, मग रसद आटते, डिव्हिजन (फौजेच्या मोठ्या तुकड्या) घेरल्या जातात आणि वर ‘गेमच फालतू’ म्हणायचं. माझं मत सरळ आहे. जिथं आपले रणगाडे चार-पाच दिवसांत पोचणार, तिथंच छत्रीवाले उतरवा. नदीपलीकडची जागा, नाहीतर शत्रूच्या पिछाडीचं रसदकेंद्र. एरवी ते तळावर बसलेले बरे.

टिळकवाडी_टँकवाला:
मर्दा, तळावर बसवायला संशोधन कशाला करायचं मग? जर्मनी घेऊन खेळ. इंग्लिश चॅनेलवर आकाश आपलं झालं की इंग्लंडच्या डोव्हर बंदरावर दोन डिव्हिजन टाक. एआय, म्हणजे समोरून खेळणारा कॉम्प्युटर, कितीतरी बंदरं मोकळीच सोडतो. बंदर मिळालं की पायदळ जहाजानं आत.

निपाणीकर:
आणि ती जहाजं रॉयल नेव्ही, म्हणजे इंग्रजांचं नौदल, बघत बसणार होय? शिवाय मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरणारी फौज), डोंगरी फौज आणि पॅराट्रूपर एकाच स्पेशल फोर्सेसच्या कोट्यातून येतात. वाहतूक विमानांना कारखाने लागतात ते वेगळंच. मी मरीनच घेतो.

मच्छेचे_काका:
पोरांनो, गेम मला कळत नाही, पण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं टांगाईल माहीत आहे. ११ डिसेंबर १९७१. आपल्या लष्कराची छत्रीवाली पलटण २ पॅरा, म्हणजे मूळची आपली ३ मराठा. दुपारी साडेचारच्या सुमारास उड्या, संध्याकाळी सातपर्यंत पुंगली पूल ताब्यात. मैमनसिंगकडून मागं येणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडली. आणि उत्तरेकडून जमिनीवरनं येऊन त्यांना मिळाली ती १ मराठा. १९४४ साली नेदरलँड्समधल्या आर्नहेमला इंग्रजांनी हेच करायला घेतलं, पण रणगाडे वेळेत आले नाहीत. पुलापाशी पोचलेले मूठभर जवान काही दिवस लढले आणि संपले. कमांडर बरोबर बोलतोय.

टिळकवाडी_टँकवाला:
काका, तुमचा मान राखून सांगतो, टांगाईलच्या वेळी पूर्वेकडचं पाकिस्तानी विमानदल जमिनीलाच खिळलं होतं. आकाश मोकळं, ही पहिली अट. रणगाड्यांचं नंतर बघू. १९४१ ला जर्मनांनी छत्रीवाले उतरवलेलं ग्रीसचं क्रीट बेट घ्या. समुद्रातून येणारी जर्मन कुमक इंग्रजांनी उधळली, तरी मालेमेचा विमानतळ मिळाला आणि मागची डोंगरी फौज विमानानंच उतरली. बेट पडलं!

खानापूरचा_कमांडर:
पडलं, पण छत्रीवाले इतके मेले की हिटलरनं पुन्हा एवढी मोठी उडी मारूच दिली नाही. आणि गेममध्ये साधं पायदळ विमानानं उतरवता येतं का? नाही. रसद टाकता येते, तीही पोट भरेल एवढी नाही. म्हणजे तुझं क्रीट इथं चालतच नाही.

टिळकवाडी_टँकवाला:
म्हणून तर बंदर म्हणतोय की रे!

निपाणीकर:
समोर माणूस असला तर बंदर मोकळं सोडेल काय? एआयला हरवून कसला टेंभा मिरवतोस?

खानापूरचा_कमांडर:
तेच. शनिवारी मल्टिप्लेअर लावू, माणसाविरुद्ध माणूस. मी इंग्लंड घेतो, डोव्हरपासून प्लिमथपर्यंत एकेक डिव्हिजन बसवतो. उतर बघू कुठं उतरतोस.

टिळकवाडी_टँकवाला:
बसव की. मी विमानं फ्रान्सच्या किनाऱ्यावर नुसती उभी करून ठेवतो, एकही माणूस टाकत नाही. तेवढ्या डिव्हिजन तिथं अडकल्यावर इजिप्तमध्ये तुझ्याकडं काय उरतंय, ते शनिवारीच मोजू.