मदत हवी आहे : भावाची गोळी बंद करायची का? आजच सांगा

सुदामानगर_ताई (सोमवार, रात्री ८:०५)
धाकट्या भावाला डोक्याची गोळी चालू आहे. कानात आवाज यायचे, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात म्हणायचा, ते सगळं थांबलं. पण आता दुपारी बारापर्यंत उठत नाही, उठला तरी पलंगावरच. एकही जीन्स चढत नाही. आई म्हणते गोळी नको, मुलगा ओंडक्यासारखा पडून असतो. बाबा म्हणतात बंद केली तर पुन्हा तेच, वरणात कालवून देईन पण देईन. गुरुवारी दाखवायला जायचं आहे, पण आई आजपासूनच बंद करायला निघाली आहे. फायदा जास्त की तोटा जास्त, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका, ते माहीत आहे.

गोळीघर (८:११)
कुठली गोळी? किती मिलिग्रॅम? कधीपासून?

सुदामानगर_ताई (८:१३)
छोटी, पांढरी. रात्री एक.

गोळीघर (८:१६)
ताई, दवा बाजारात जाऊन 'छोटी पांढरी' म्हणालात तर दुकानदार अख्खं कपाट पुढे करेल. गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) उलटा करा, ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. कापलेला पत्ता असेल तर चिठ्ठी बघा.

रामबागी (८:१९)
नाव काहीही असो, आज रात्री बंद करू नका. या गोळ्या सोडल्या की पहिले दोन-तीन आठवडे माणूस उलट ताजातवाना दिसतो. झोप कमी, चेहऱ्यावर तरतरी. घरचे म्हणतात, बघा, गोळीच वाईट होती. आजार परततो तो त्यानंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि तोवर गोळी सोडल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. २०१२ मध्ये जुन्या चाचण्यांची एकत्र मोजदाद झाली. वर्षाच्या आत आजार उलटला तो गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या २७ जणांचा आणि नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६४ जणांचा. फायदा-तोट्याचा तराजू इथेच झुकतो.

आडवातिडवा (८:२६)
तराजूचं दुसरं पारडंही दाखवा की. म्हणजे ३६ जण गोळीशिवाय वर्षभर नीट राहिले आणि २७ जण गोळी घेऊनही आजारी पडले. यातला कोण आपल्या घरात आहे हे आधी कुणालाच सांगता येत नाही, ही खरी अडचण. एकदम बंद करू नये हे मान्य. पण 'बंद करू नका' आणि 'आहे तेच चालू ठेवा' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

सुदामानगर_ताई (८:३०)
ओलांझापिन १०. पाच महिने झाले. वजन ६१ होतं, आता ७३. वय २४. झालं?

आडवातिडवा (८:३४)
मग प्रश्नच मिटला. अ‍ॅरिपिप्राझोल या याच आजाराच्या दुसऱ्या गोळीवर न्या. वजन फारसं वाढत नाही, साखर-चरबी फारशी बिघडत नाही, सकाळी घेता येते. ओलांझापिन १० च्या जागी साधारण १५ लागते. एका रात्रीत अदलाबदल करायची नाही. नवी ५ ने सुरू करून वर न्यायची आणि जुनी काही आठवड्यांत उतरवायची. २४ व्या वर्षी पाच महिन्यांत १२ किलो म्हणजे चाळिशीतला मधुमेह आत्ताच घरी बोलावणं.

रामबागी (८:४१)
आणि अकाथिझिया कोण सांगणार? अ‍ॅरिपिप्राझोलमध्ये पायांना स्वस्थता नसते. माणूस बसतो, उठतो, ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालतो, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर. घरच्यांना वाटतं आजार बळावला, मग डोस वाढतो आणि बेचैनी आणखी वाढते. डोस कमी करणं किंवा प्रोप्रानोलोल हा त्यावरचा उपाय, तोही दमा नसेल तर. अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००५ चा. १८ महिन्यांत ७४ टक्के लोकांनी दिलेली गोळी सोडली, सगळ्यांत कमी सोडली ती ओलांझापिन, ६४ टक्के. लागू पडलेली गोळी पाचव्या महिन्यात हलवणं हा जुगार आहे.

आडवातिडवा (८:४५)
त्याच चाचणीत ओलांझापिन घेणाऱ्या ३० टक्के लोकांचं वजन सात टक्क्यांहून जास्त वाढलं, ते वाक्य गाळलंत. या मुलाचं जवळजवळ वीस टक्के वाढलंय. आणि त्या चाचणीच्या या टप्प्यात अ‍ॅरिपिप्राझोल नव्हतीच.

वैद्यबुवा (८:४९)
सर्पगंधा घनवटी द्या. आपलीच वनस्पती आहे, उन्मादावर शतकानुशतकं वापरात. १९३१ साली सेन आणि बोस या दोघांनी त्यावर लिहूनही ठेवलं आहे. साइड इफेक्ट नाहीत.

गोळीघर (८:५३)
वैद्यबुवा, सर्पगंधेतून रेसरपीन निघतं आणि ते पन्नासच्या दशकात याच आजारासाठी दिलं जायचं. मागे का पडलं? रक्तदाब उतरतो, नाक चोंदतं, माणूस खिन्न होतो. ओलांझापिननेही उठताना रक्तदाब खाली जातो. दोन्ही एकत्र दिलं तर मुलगा सकाळी बाथरूममध्ये पडेल. झाडातून आलं म्हणून औषधाचं औषधपण जात नाही.

विमावाला (८:५५)
मानसिक आजाराला आरोग्य विमा नाकारता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) वाचा. पॉलिसी घेताना आजार लपवू नका.

सुदामानगर_ताई (८:५७)
विम्याचं कुणी विचारलंय??

खडीसाखर (९:०१)
ताई, तीन गोष्टी सांगा. ही झोप पहिल्या दिवसापासून आहे की अलीकडे वाढली? गोळी घड्याळात किती वाजता पोटात जाते? आणि सिगारेट-बिडी?

सुदामानगर_ताई (९:०६)
झोप सुरुवातीचे आठ-दहा दिवस होती, मग आठला उठायला लागला होता. हे बारा वाजेपर्यंतचं गेला महिना-सव्वा महिना. गोळी साडेअकरा-बाराला घेतो, मित्रांबरोबर इंदूरच्या सराफ्यात रात्रीचं खाऊन आल्यावर. सिगारेट दिवसाला पंधरा-वीस होत्या. दीड महिन्यापूर्वी एकदम सोडल्या, आता एकही नाही. त्याचा काय संबंध? ती तर चांगली गोष्ट झाली.

खडीसाखर (९:१७)
सगळा संबंध त्याचाच आहे.

ओलांझापिन मोडण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, सीवायपी-१ए२ नावाचं. सिगारेटच्या धुरातली हायड्रोकार्बनं ते एन्झाइम जोरात पळवतात. ओढणाऱ्यांच्या शरीरातून ओलांझापिन साधारण ४० टक्के जास्त वेगाने बाहेर पडतं. धूर थांबला की आठवड्याभरात एन्झाइम मंदावतं. गोळी तीच, पत्ता तोच, पण रक्तातलं प्रमाण वर चढतं. ढोबळ हिशोब करा : सिगारेट चालू असताना त्याची १० ची गोळी ७ सारखी वागत होती. त्या ७ वर आवाजही थांबले आणि तो आठला उठतही होता. आता १० ची गोळी खरोखर १० झाली आहे.

दुसरं घड्याळ. ही गोळी घेतल्यावर साधारण सहा तासांनी रक्तात सगळ्यांत वर असते. बाराला घेतली तर शिखर पहाटे सहाला, मग दुपारपर्यंत डोळे उघडणार कसे? रात्री आठ-साडेआठला घ्यायला लावा. यासाठी गुरुवारपर्यंत थांबायचीही गरज नाही. गोळी घेतल्यावर मात्र गाडी चालवत सराफ्यात जाणं नको.

पानदान (९:२२)
मग गुटखा खाणाऱ्यांचंही असंच होतं का?

खडीसाखर (९:२४)
नाही. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. गुटखा, तंबाखू-चुना, निकोटिनचा च्युइंगगम, यांतल्या कशानेही हे एन्झाइम पळत नाही. बिडीने पळतं.

रामबागी (९:२७)
म्हणजे शेवटी डोस कमी करा असंच तुम्ही म्हणताय. पाचव्या महिन्यात! पहिल्या झटक्यानंतर निदान वर्ष-दोन वर्षं गोळी टिकवायची असते. इंग्लंडमध्ये हळूहळू डोस उतरवण्याची चाचणी झाली, २०२३ ला निकाल आला : दोन वर्षांत आजार जोरात उलटला तो उतरवणाऱ्यांत २५ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत १३. आणि घराबाहेरच्या जगण्यात, कामाधंद्यात काही फरक नाही.

खडीसाखर (९:३३)
त्या चाचणीत मूळ पातळीच्या खाली नेत होते. इथे प्रश्न जिथे तो बरा होता तिथे परत आणण्याचा आहे. गोळीवरचा आकडा कमी होईल, रक्तातला तेवढाच राहील. आणि हे डॉक्टरांनी करायचं, मी फक्त त्यांच्यासमोर काय मांडायचं ते सांगतोय. ताई, सिगारेट सोडल्याचं त्यांना सांगितलंय का?

सुदामानगर_ताई (९:३५)
नाही. ते विचारतात आवाज येतात का, झोप लागते का. तो हो-नाही म्हणतो. दोन मिनिटांत बाहेर.

गोळीघर (९:३८)
मधल्या काळात जुलाबाला किंवा लघवीच्या जळजळीला सिप्रोफ्लॉक्सासिन दिली होती का कुणी? तीही हेच एन्झाइम अडवते. आणि डोस बदललाच तर ओलांझापिन साडेसातची गोळी तयार मिळते. दहाची सुरीने कापत बसू नका, तुकडे सारखे होत नाहीत.

सुदामानगर_ताई (९:४०)
सिप्रो नाही. मग तो पुन्हा सिगारेट ओढायला लागला तर?

खडीसाखर (९:४३)
तर उलटी बाजू. साडेसातची पाचसारखी होईल आणि आवाज परत येऊ शकतात. म्हणून डोस बदलल्यावर त्याने चोरून ओढली तरी घरात ओरडा नको, कळलं पाहिजे एवढंच. नाहीतर तो लपवेल आणि गोळी निकामी ठरल्याचा निष्कर्ष निघेल.

मालवा_मेल (९:४६)
क्लोझापिन या गोळीलाही हेच लागू का? आमच्या ओळखीत एकांना चालू आहे, तेही सिगारेट सोडायच्या विचारात आहेत.

खडीसाखर (९:५०)
जास्तच लागू. तिथे पातळी चढली तर नुसती झोप नाही, आकडी येऊ शकते. सोडण्याच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, नंतर नव्हे. क्लोझापिनमध्ये पांढऱ्या पेशींच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत आणि पोट साफ होतंय का हे रोज विचारायचं. बद्धकोष्ठानं आतडं बंद पडून माणसं दगावलेली आहेत, लोक लाळेची तक्रार करतात आणि पोटाची करत नाहीत. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम घ्यायचा नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढायचं. यासाठी वेगळा धागा काढा.

लॅबवाला (९:५४)
वजनाचा हिशोब झोपेपासून वेगळा ठेवा. गोळीच्या आधी साखर, लिपिड झालं होतं का? नसेल तर गुरुवारच्या आत करून घ्या : उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). खरं तर हे सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी व्हायला हवं. आणि उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटी. रात्री बाराला गराडू (तळलेला कंद) आणि जिलबी खाऊन सकाळी आठला रक्त दिलं तर ट्रायग्लिसराइड असं येईल की डॉक्टर घाबरतील. आदल्या रात्री आठनंतर फक्त पाणी. एचबीए१सीला उपास लागत नाही, ते खोटं बोलत नाही. कंबर टेपने मोजा, श्वास सोडून, पँटचा नंबर सांगू नका. क्रिएटिनिन यासाठी की वजनाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी द्यायचं ठरलं तर ते आधी बघतात.

आडवातिडवा (९:५७)
मेटफॉर्मिनने चार-दोन किलो उतरतील, बारा नाही. गोळी बदलणं तरीही मोकळं ठेवा. आधी साडेसातवर महिनाभर बघा हे मात्र पटलं, झोप आणि वजन एकाच वेळी सोडवायला गेलात तर कशाने काय झालं कळणार नाही.

सराफा_रात्र (१०:००)
गराडूला नाव ठेवणारा इंदूरचा नाही.

लॅबवाला (१०:०१)
नाव तळणाला ठेवलंय.

परकर_पोलकं (१०:०४)
बाबांचं वरण कुणी उचललंच नाही. ताई, ते मुळीच करू नका. पाळत ठेवतात असा ज्याचा संशय होता त्याला एक दिवस वरणात कडवट लागलं किंवा ताटाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की त्याचा संशय खरा ठरला. मग गोळीही जाते आणि आईच्या हातचं जेवणही. गोळी जिभेखाली-गालात लपवतो अशी शंका असेल तर जिभेवर विरघळणारी ओलांझापिन मिळते, ती समोर घ्यायची. आणि आईंना सांगा, भाऊ ओंडका झालाय हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त उपाय चुकतोय.

सुदामानगर_ताई (१०:१२)
आईला धुराचं सगळं वाचून दाखवलं. तिने साडेनऊलाच गोळी हातात ठेवली, त्याने घेतली. गुरुवारी नेमकं काय बोलू? दोन मिनिटंच मिळतात.

खडीसाखर (१०:१८)
कागदावर लिहून आधी तोच पुढे करा : 'ओलांझापिन १०, पाच महिने. आवाज बंद. दिवसाला १५-२० सिगारेट अमुक तारखेला पूर्ण बंद. त्यानंतर झोप दुपारी १२ पर्यंत. वजन ६१ वरून ७३.' मधल्या महिन्यांची वजनं असतील तर तारखांसकट. मग एकच वाक्य : सिगारेट सुटल्यामुळे डोसचा विचार करावा का? मधल्या दिवसांत खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बरळणं असं एकत्र दिसलं तर गुरुवारची वाट न पाहता एमवाय रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. दुर्मीळ आहे, पण तिथे थांबायचं नसतं. रात्री-बेरात्री काही विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

सुदामानगर_ताई (१०:२१)
सिगारेट सोडल्याची तारीख त्याला विचारावी लागेल. वजन दीड महिन्यापूर्वी ६९ होतं.

लॅबवाला (१०:२३)
म्हणजे शेवटचे चार किलो दीड महिन्यात. सिगारेट सुटली की भूकही वाढते, तेही कागदावर घ्या.

गोळीघर (१०:२६)
ताई, एक राहिलं. पत्त्यावर ब्रँडच्या नावामागे 'प्लस' किंवा असं काही आहे का? काही गोळ्यांत ओलांझापिनबरोबर फ्लुओक्सेटिन हे उदासीवरचं औषध असतं. तसं असेल तर साडेसातचा हिशोब असा सरळ नाही, ती दोन औषधं वेगळी करावी लागतील.

सुदामानगर_ताई (१०:२९)
पत्ता आईच्या उशाखाली आहे आणि आई झोपली. सकाळी बघून लिहिते.