भटकी कुत्री: खायला घालायचं की हाकलायचं? सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. आज त्याच साताऱ्यात कुत्र्याला भाकरी घालणारा आणि त्याच कुत्र्यासाठी काठी ठेवणारा एका गल्लीत समोरासमोर राहतात. "मुका जीव आहे" आणि "आधी माणसांचं बघा" ही दोन वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत, ती इथं नकोत. ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी काम कसं चालतं आणि कुठं फसतं ते लिहा.

पशुवैद्यक, सांगली

भटक्या कुत्र्यांची नसबंदी 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार होते. कुत्रं जाळीनं किंवा हातानं धरायचं, चिमटा आणि तारेचा फास चालत नाही. धरलं ती जागा तिथंच वहीत लिहायची आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी लावायची. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि अंगावर पाजणारी कुत्री सोडून द्यायची. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून ऑपरेशन, सोबत रेबीजची लस, खूण म्हणून कानाला व्ही आकाराचा काप. पुढं किमान 4 दिवस पिंजऱ्यात ठेवायचं, मग जिथून उचललं तिथंच सोडायचं.

फसतं ते शेवटच्या दोन पायऱ्यांवर. पिंजरे कमी पडले की दुसऱ्याच दिवशी सोडतात, कुत्री टाके चाटून उघडते आणि जखम चिघळते. चिठ्ठी हरवली की कुत्रं भलत्याच गल्लीत उतरतं, तिथली कुत्री त्याला फाडतात आणि रात्रभर भुंकणं चालतं. लोक म्हणतात, "नसबंदी करून काय उपयोग झाला?"

आणखी एक. जिथून ओरड येते तिथून चार उचलायची, मग दुसऱ्या वॉर्डातून चार, हे काम वाया जातं. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, साधारण 63 दिवसांनी विते, वेताला पाच-सहा पिल्लं. एका पट्ट्यातल्या सत्तर टक्के कुत्र्यांची नसबंदी झाल्याशिवाय पुढच्या पट्ट्यात जाऊच नये.

कोर्टाच्या आदेशावरून भांडणाऱ्यांसाठी: 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं मूळ जागी सोडा; पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं सोडू नका. 7 नोव्हेंबरला सांगितलं, शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथून उचललेली परत तिथं सोडू नका. एक बाजू पहिला कागद दाखवते, दुसरी दुसरा. दोन्ही कागद खरे आहेत, जागा वेगळ्या आहेत.

रोज घालणारी, सातारा

जागा आणि वेळ ठरलेली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. रात्री वर्दळ थांबल्यावर, दाराच्या समोर नाही. मध्यम कुत्र्याला अर्धा किलो शिजवलेला भात-चिकन पुरतो. शिजवलेली हाडं घालू नका, चिरफळ्या होऊन घशात अडकतात. वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं, नाहीतर उंदीर येतात आणि शेजारीही येतात. चालत्या गाडीवरून बिस्किटं फेकणारे सगळ्यात घातक, त्यानं कुत्रं गाड्यांमागं पळायला शिकतं. आणि हो, नसबंदीची गाडी आली की ताटाशी जमलेली कुत्री पंधरा मिनिटांत धरता येतात. घालणाऱ्यांना शिव्या देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सोसायटीचा सचिव, मिरज

ताई, तुमच्यासारखं उरलेलं उचलणारे किती? नियमातच लिहिलंय, खाऊ घालायची जागा जिना, मुख्य दार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून लांब असावी. तेवढं पाळलं तर आमची अर्धी भांडणं मिटतील. आणि कोपऱ्यावर कोंबडीचं आतडं टाकणाऱ्या दुकानदाराला कुणी बोलत नाही, हेही खरं.

मेंढपाळ, आटपाडी

शहरातला वाद आमच्या कामाचा नाही. वाड्यावरचं, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावरचं, कुत्रं म्हणजे राखणदार. बिबट्याचा भाग असला तर गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण तो पहिला गळाच धरतो. कापलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याला कधीच टाकायचं नाही. मेंदूतल्या फोडातनं कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतनं चाऱ्यावर पडतात आणि मेंढीच्या मेंदूत पुन्हा फोड होतो. मेंढी एकाच बाजूला गोल फिरायला लागते, ती बहुतेक जातेच. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला प्राझिक्वांटेलची जंताची गोळी, वजनाच्या हिशेबानं. 2025 ला रायगडावरचं वाघ्या कुत्र्याचं स्मारक काढायचं की ठेवायचं यावरून पुढारी महिनोन्‌महिने बोलले, आम्ही धनगरही त्यात आलो. वाड्यावरच्या जित्या कुत्र्याला लस मिळते का, हे मात्र दोन्हीकडच्यांनी विचारलं नाही.

परिचारिका, सातारा जिल्हा

चावल्यावर पहिली 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. हळद, चुना, मिरची, काही लावू नका. त्यानं जखम भाजते आणि धुणं राहून जातं. टाके शक्यतो नकोत. कातडीतली लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दरवेळी 0.1 मिली, दोन्ही दंडांत. रक्त आलं असेल तर जखमेतच रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडं) भरतात. घोड्यापासूनचं असेल तर किलोमागं 40 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2,400. लोक पहिलं इंजेक्शन घेऊन "कुत्रं तर बरं दिसतंय" म्हणत परत येत नाहीत. कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण तोवर डोस थांबवू नका. पाळीव असलं आणि लसीचं कार्ड असलं तरी हेच.

नगरपालिकेच्या गाडीवरचा

फोन येतो, "कुत्री वाढलीत, घेऊन जा," आणि नगरसेवकाचाही त्याच्या पाठोपाठ. घाटात सोडा म्हणतात. तसं करता येत नाही, आणि केलं तर ती मेलेल्या जनावरावर जगतात, पुढं बिबट्या त्यांच्या मागं गावात येतो. तक्रारीत एवढं लिहा: नेमकी जागा, कुत्री दिसायची वेळ, किती, त्यातल्या किती कानांना काप नाही, पिल्लं आहेत का, कुणी चावलंय का. काप नसलेल्यांचे फोटो जोडले तर गाडी पहाटेच लावता येते, तेव्हा ती झोपलेली असतात.