अपघातात मदतीला धावायची हिंमत कशी येते?

काल सायनला एक बाईकवाला घसरून पडला. माणसं गोळा झाली, पण हात कुणी लावेना. मी ओढणी त्याच्या जखमेवर दाबून धरली. हात लटपटत होते. घरचे म्हणतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल. खरंच लागतं का?

– नाही हो ताई. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलंय. सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

– १०८ला फोन लावायला एकाला बोट दाखवूनच सांगा, "निळा शर्ट, तुम्ही!" नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत राहतात. मानेला मार असेल तर उगाच हलवू नका. ओढणी दाबलीत ते अगदी योग्य केलंत.

– प्रथमोपचार शिकून घ्या, हात आपोआप स्थिरावतात.